ऑफ-रोड गाडीचे शॉकअप: बदलायची वेळ कशी ओळखावी

शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजेच गॅरेजमधला शॉकअप, गाडीचे वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे किंवा पाट्यांचे. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि दबताना साठवलेली शक्ती लगेच परत फेकते. शॉकअप नसता तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ वरखाली होत राहिली असती. शॉकअपमधला दट्ट्या तेलाने भरलेल्या नळीत सरकतो, तेल बारीक छिद्रांमधून आणि झडपांमधून रेटले जाते, आणि चाकाच्या हालचालीतली शक्ती उष्णता होऊन बाहेरच्या हवेत निघून जाते. म्हणजे चांगला शॉकअप कामाला लागला की तापतोच. न तापणारा संशयास्पद.

डांबरी रस्त्यावर हे काम बेताचे असते. लडाख-स्पितीकडच्या कच्च्या रस्त्यांवर वाहनांच्या सततच्या येण्याजाण्याने आडव्या लाटा पडलेल्या असतात. अशा लाटांवर चाक सेकंदाला 10 ते 15 वेळा उडी घेऊ शकते, तर गाडीचा सांगाडा त्याच वेळात जेमतेम एक-दोनदा हलतो. तासभर असे चालले की तेल तापून पातळ होते. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलात हवेचे बुडबुडेही मिसळतात आणि फेस झालेले तेल दट्ट्याला पुरेसा विरोध करत नाही. गाडी एकाएकी उसळू लागते. नायट्रोजनच्या दाबाखालचे एकेरी नळीचे शॉकअप या बाबतीत जास्त टिकाव धरतात, कारण त्यांत गॅस आणि तेल वेगळे ठेवलेले असते आणि नळीची उष्णता थेट हवेत जाते. गाडी अर्धा तास थांबवल्यावर पकड परत आली तर शॉकअप फक्त तापला होता, झिजलेला नव्हता. थंड गाडीही तशीच उसळत असेल तर मात्र प्रश्न वेगळा आहे.

खरी झीज बहुतेक वेळा सीलपासून सुरू होते. दट्ट्याचा चकचकीत दांडा दर हालचालीत सीलमधून आतबाहेर करतो. कोकणातली तांबडी माती किंवा विदर्भातली काळी माती त्यावर वाळून बसली की तिचे कण सीलची कड घासतात आणि दांड्यावर ओरखडे पाडतात. ओरखडे पडले की तेल हळूहळू बाहेर येते, गॅस निसटतो, धूळ आत शिरते. दगडाचा मार बसून नळीला पोचा पडला तर दट्ट्या तिथे घासतो किंवा अडकतो. वाकलेला दांडा, गंजाचे खड्डे पडलेला दांडा आणि पोचा पडलेली नळी यांची डागडुजी करण्यात अर्थ नाही.

बदलायचे किलोमीटर किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. साध्या रस्त्यावरच्या गाडीसाठी सुमारे 80,000 किमीचा आकडा नेहमी सांगितला जातो. ऑफ-रोड गाडीला तो लागू पडत नाही, कारण मीटरला किलोमीटर कळतात, रस्ता कळत नाही. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक घेऊन सकाळ-दुपार कच्च्या वाटांवर फिरणारी जिप्सी आणि पुणे-मुंबई ये-जा करणारी तीच जिप्सी यांच्या मीटरवर सारखाच आकडा असला, तरी शॉकअपची अवस्था सारखी नसेल. अशा वापरात दर 10,000 किमीला आणि प्रत्येक खडतर प्रवासानंतर गाडीखाली जाऊन पाहणे हाच शहाणपणाचा नियम. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असते. सफारीच्या गाड्यांना तपासणीसाठी तेच दिवस सोयीचे.

शॉकअप एका दिवसात मरत नाही, आणि अडचण इथेच आहे. तो रोज थोडा थोडा ढिला पडतो आणि रोज गाडी चालवणाऱ्याचा हात त्याला सरावतो. म्हणून अधूनमधून त्याच जातीच्या चांगल्या गाडीतून फेरी मारावी, किंवा आपली गाडी दुसऱ्या जाणत्याला चालवायला द्यावी. ब्रेक दाबल्यावर नाक खूप खाली जाणे, गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी पुन्हा पुन्हा डुलणे, पूर्वी सहज झेपणाऱ्या खड्ड्यात ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटणे, ही ओळखीची लक्षणे. त्याहून गंभीर म्हणजे लाटांच्या रस्त्यावर वळताना गाडीचा मागचा भाग बाजूला सरकणे. चाक जितका वेळ हवेत, तितका वेळ त्याला ना ब्रेक ना दिशा. खडबडीत उतारावर थांबण्याचे अंतर याच कारणाने वाढते. टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवल्यावर ठरावीक अंतराने खोलगट चट्टे लागत असतील तर तीही एक खूण आहे. मात्र बिघडलेल्या बॅलन्सिंगमुळेही टायर असा खाल्ला जातो, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा हलते ते पाहायचे, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक असते. पाट्यांच्या गाडीत तिच्यावर विसंबता येत नाही. जिप्सीला पुढे-मागे पाटे आहेत, 2010 ते 2020 दरम्यानच्या थारला मागे आहेत. पाटे एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच गाडी थांबवते. शॉकअप पूर्ण निकामी असला तरी ती शांत उभी राहील. जिम्नी किंवा नव्या थारसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत या चाचणीतून थोडे अधिक कळते, पण तिथेही फक्त फार खराब झालेला शॉकअप सापडतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे शॉकअपचा खालचा बोल्ट काढून दांडा हाताने ओढून-दाबून पाहणे. त्याआधी ॲक्सलला खालून भक्कम आधार द्यावा, कारण अनेक गाड्यांत ॲक्सलला खाली लोंबण्यापासून शॉकअपच रोखून धरतो. विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जाणवला पाहिजे. ओढताना तो दाबण्यापेक्षा जास्त असणे स्वाभाविक आहे. मध्येच दांडा मोकळा सरकला किंवा आतून गुळगुळ आवाज आला तर तेल किंवा झडप गेली. गॅसचा शॉकअप दाबून सोडल्यावर आपोआप बाहेर यायला हवा. तो जिथल्या तिथे राहिला तर गॅस निघून गेला आहे.

दुसरी सोपी पारख उष्णतेची. खराब रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून लगेच चारही नळ्यांचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरने पाहावे. हात लावू नये, नळी चटका बसण्याइतकी तापलेली असू शकते. एका ॲक्सलवरचा एक शॉकअप गरम आणि दुसरा बराच थंड असेल, तर थंड असलेला काम करत नाही.

तेलाच्या बाबतीत घाई नको. सीलजवळ धूळ चिकटलेला पातळ ओलसर थर चालतो, कारण दांडा दर वेळी तेलाचा सूक्ष्म पापुद्रा बाहेर आणतो. चिखल धुऊन, नळी कोरडी पुसून शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. ओघळ परत खालपर्यंत आलेला असेल तर शॉकअप गेला. ‘खट्खट्’ आवाज येत असेल तर आधी दोन्ही टोकांचे रबरी बुश तपासावेत. ते स्वस्त असतात, आणि नुसते बुश फाटलेले असताना सगळे शॉकअप बदलून घेतल्याची उदाहरणे कमी नाहीत.

बदलायचे ठरले की एका ॲक्सलवरची जोडी एकदम बदलावी. एक नवा आणि एक जुना असला तर गाडीची दोन चाके दोन तऱ्हेने वागतात. गाडी उंच केली असेल तर त्या उंचीला जुळणारी लांबीच घ्यावी, नाहीतर शॉकअप पूर्ण ताणला जाऊन तुटतो. निव्वळ कडक शॉकअप म्हणजे चांगला, हा समजही सोडावा. फार कडक असला तर चाक जमीन सोडते. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना, जॅकवर असताना नव्हे. उघडून दुरुस्त करता येणारे महागडे शॉकअप असतील तर झीज थोडी असतानाच तेल आणि सील बदलून घेता येतात. गॅसचा जुना शॉकअप मात्र कापू किंवा तापवू नये, त्यात दाब असतो.

काझा किंवा लेहच्या वाटेवर योग्य मापाचा शॉकअप मिळेलच असे नाही. म्हणून शंका असेल तर तो निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी बदलावा, नव्यावर काहीशे किलोमीटर गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि मगच डोंगरांकडे निघावे.