रॉक क्रॉलर : पहिल्या गाडीची व तिच्या बॅटरीची निवड

दूरनियंत्रणाने चालणारी खेळण्यातील मोटार म्हटली की सपाट मैदानावर धूळ उडवीत धावणारी गाडी डोळ्यांपुढे येते. रॉक क्रॉलर ही गाडी त्या जातीची नव्हे. क्रॉलर म्हणजे रांगणारा. दगडधोंडे, झाडांची मुळे, ओढ्याचा कोरडा काठ अशा अवघड जागांवरून न घसरता, न कलंडता, अगदी संथपणे वर चढून जाणे एवढेच तिचे काम. मराठीत तिला ‘रांगती मोटार’ म्हणता आले असते. परंतु दुकानदार आणि छांदिष्ट दोघेही ‘क्रॉलर’ हाच शब्द वापरतात, म्हणून येथेही तोच ठेवला आहे.

बिनतारी संदेशाने यंत्र हाकण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एक लहान नौका अशा प्रकारे चालवून दाखविली होती. आजच्या गाड्यांतील प्रेषक आणि ग्राहक बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झ ह्या पट्ट्यात काम करतात. अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ सालापासून परवान्यातून मुक्त आहे. तेव्हा गाडीचा हा भाग नवशिक्याला फारसा त्रास देत नाही. त्रास होतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट अशी की, पळणाऱ्या गाडीची कसोटी लावून क्रॉलर निवडला जातो. आणि दुसरी, अधिक गंभीर गोष्ट अशी की, गाडी इतकी संथ असते की तिची बॅटरी संपत आल्याचे चालविणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही.

प्रथम गाडीचा विचार करू. समजा, गाडीचे वस्तुमान अडीच किलोग्रॅम आहे आणि ती एखाद्या जवळजवळ उभ्या शिळेवर सेकंदाला १० सेंटीमीटर ह्या गतीने चढत आहे. ह्यासाठी लागणारी शक्ती २.५ × ९.८ × ०.१, म्हणजे अडीच वॅटांहूनही किंचित कमी भरते. दंतचक्रांतील घर्षण, टायरचे चेपणे आणि मोटरीत होणारी उष्णता ह्यांमुळे प्रत्यक्षात ह्याच्या सहापट शक्ती खर्ची पडते असे धरले, तरी आकडा १५ वॅटांच्या आसपासच राहतो. घरातील लहानशा दिव्याएवढीच ही शक्ती झाली. मात्र चाक फिरविण्याचा जोर मोठा हवा. तो मोटरीच्या आकारातून न येता दंतचक्रांच्या मालिकेतून येतो. मोटर मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल आणि दंतचक्रे तो वेग चाळीसपट उतरवीत असतील, तर चाकाचे फेरे ३०० होतात. साडेअकरा सेंटीमीटर व्यासाचे चाक असल्यास गाडी ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते. वेग चाळीसपट उतरला म्हणजे घर्षणाची तूट वजा जाता जोर जवळजवळ चाळीसपट चढला. म्हणून डब्यावर छापलेला कमाल वेग पाहून क्रॉलर पसंत करणे म्हणजे बैलाची पारख घोड्याच्या शर्यतीवरून करण्यासारखे आहे.

मोटर दोन प्रकारची मिळते. ब्रश असलेली मोटर स्वस्त असते आणि मंद वेगातही गुळगुळीत फिरते. तिच्यावर तारेच्या वेढ्यांची संख्या दिलेली असते. वेढे जितके अधिक, तितकी ती सावकाश फिरते. एक दशांश प्रमाणाच्या गाडीत दोन घटांच्या लिथियम बॅटरीवर ३५ वेढ्यांची, आणि तीन घटांच्या बॅटरीवर ५५ वेढ्यांची मोटर योग्य ठरते. ब्रशरहित मोटर अधिक कार्यक्षम खरी. परंतु तिच्यात चक्राची स्थिती ओळखणारा संवेदक नसेल तर अगदी हळू वेगात ती अडखळते, आणि क्रॉलरचे सारे जीवन त्याच वेगात जाते. पहिल्या गाडीस ब्रशची मोटर पुरेशी आहे असे आमचे मत आहे.

साध्या मोटारीत डिफरन्शियल नावाची दंतचक्रांची रचना असते. तिच्यामुळे वळणावर आतले व बाहेरचे चाक वेगवेगळ्या गतीने फिरू शकते. खडकावर मात्र हीच सोय अडचण होते. एक चाक हवेत उचलले गेले की ते मोकळे गरगरू लागते, आणि जमिनीवर टेकलेले चाक हताश उभे राहते. म्हणून बहुतेक क्रॉलरांत डिफरन्शियल कायमचे जखडून टाकलेले असते. अशी गाडी वळण मोठे घेते व वळताना टायर फरफटवते. नवशिक्याला हा दोष वाटतो, परंतु तो रचनेचा परिणाम आहे. ट्रॅक्सस कंपनीच्या २०१७ साली आलेल्या टीआरएक्स-४ ह्या गाडीत हे जखडणे प्रेषकावरूनच लावता व सोडता येते. तिचा आस चाकाच्या मध्याहून वरच्या पातळीवर असल्यामुळे पोटाखाली अधिक मोकळी जागा राहते. उनिमॉग ह्या खऱ्या मालवाहू गाडीतही हीच युक्ती योजलेली आहे.

गाडी कोणत्या आकाराची घ्यावी हे चालविण्याच्या जागेवर ठरवावे. एक दशांश प्रमाणाच्या गाडीला अंगण, माळ किंवा टेकडी हवी. सदनिकेत राहणाऱ्याने एक चोविसांश प्रमाणाची गाडी घेतली तर पुस्तकांच्या चळतीवर आणि कुंडीतल्या दगडांवरही तिचा खेळ रंगतो. ॲक्शियल कंपनीची एससीएक्स-२४ ही ह्या वर्गातील परिचित गाडी. तिच्या काही नमुन्यांत पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर जेमतेम १३४ मिलिमीटर आहे. विकत घेण्यापूर्वी सुटे भाग आपल्या गावी किंवा टपालाने मिळतील की नाही हे विचारावे. मोठ्या गाडीत सर्वांत आधी बहुधा सुकाणूचा सर्व्हो दगा देतो, कारण दोन दगडांत अडकलेले चाक वळविण्याचा भार त्याच्यावरच येतो. त्याची दंतचक्रे धातूची असल्यास बरे.

आता बॅटरीकडे वळू. तिच्या निवडीतही पहिला प्रश्न शक्तीचा नसून वजनाचा आहे. सहा घटांची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी ७.२ व्होल्टची असते आणि तिचे वजन सुमारे ३६० ग्रॅम भरते. दोन घटांची, २,२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम-पॉलिमर बॅटरी ७.४ व्होल्टची असून वजनाने तिच्या निम्म्याहूनही हलकी असते. वजनाचे महत्त्व एका आकड्याने कळेल. डाव्या-उजव्या चाकांत २० सेंटीमीटर अंतर असेल आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ८ सेंटीमीटर उंचीवर असेल, तर गाडी सुमारे ५१ अंश कलली म्हणजे उलटते. गुरुत्वमध्य १० सेंटीमीटरवर गेला की ती ४५ अंशांतच उलटते. जड बॅटरी उंच बसविणाऱ्याने हे सहा अंश फुकट घालविले. बॅटरी हलकी असावी, खाली असावी, आणि शक्य तर पुढच्या आसाजवळ असावी. कारण चढावर वजन आपोआप मागे जाते आणि पुढची चाके उचलली जातात.

२,२०० मिलिअँपिअर-तास आणि ७.४ व्होल्ट ह्यांचा गुणाकार सुमारे १६ वॅट-तास होतो. मघाचे १५ वॅट लक्षात घेतले तर ही एवढीशी बॅटरी तासभर पुरावी. बॅटरीवर ‘२५ सी’ असा जो आकडा असतो तो ती किती प्रवाह देऊ शकते हे सांगतो : २.२ गुणिले २५, म्हणजे ५५ अँपिअर. ब्रशच्या मोटरीच्या क्रॉलरला एवढे पुरे होते. शंभर ‘सी’ची शर्यतीची बॅटरी घेण्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. तीन घटांची, ११.१ व्होल्टची बॅटरी घेतल्यास वेग दीडपट होईल, परंतु वेगनियंत्रकावर तीन घटांची परवानगी स्पष्ट लिहिलेली असेल तरच.

येथून पुढचा भाग वाचकाने सावकाश वाचावा. लिथियमच्या घटाचा विद्युत् दाब पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट असतो. वापरात तो बराच वेळ ३.७ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी कड्यावरून पडावा तसा एकाएकी खाली येतो. तो ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. फारच खाली गेल्यास ऋणाग्रातील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि तो घट पुन्हा भारित करताना हेच तांबे नको तेथे साचून आतल्या आत मंडल जुळण्याचा धोका उत्पन्न होतो. पळणाऱ्या गाडीची बॅटरी संपत आली की वेग उतरतो आणि चालविणारा सावध होतो. क्रॉलर मुळातच मुंगीच्या पावलांनी चालतो. त्याचा वेग उतरला हे ओळखायचे कसे?

हे काम वेगनियंत्रकाने करावयाचे असते. ठरलेल्या दाबाखाली तो मोटरीचा प्रवाह तोडतो. परंतु अनेक नियंत्रकांत लिथियम की निकेल हे एका लहानशा जोडपट्टीने किंवा कळीने सांगावे लागते. ती निकेलवर राहिली, आणि त्या स्थितीतील मर्यादा सबंध संचासाठी समजा साडेचार व्होल्ट असली, तर दोन लिथियम घटांच्या वाट्याला प्रत्येकी सव्वादोन व्होल्ट येतात. गाडी बिनतक्रार चालत राहते आणि बॅटरी मरते. म्हणून नवी गाडी घेतल्यावर, दगडाकडे जाण्यापूर्वी, ही जोडपट्टी पाहावी. समतोल-जोडात खोचण्याचा एक लहान बझर मिळतो. एखादा घट ३.४ किंवा ३.५ व्होल्टवर आला की तो कर्कश ओरडतो. त्याची किंमत बॅटरीच्या मानाने क्षुल्लक आहे, आणि क्रॉलरवाल्याने तो घेतलाच पाहिजे असे आम्ही म्हणू. खेळ संपल्यावर केवळ कळ बंद करून भागत नाही, बॅटरीचा जोड सोडवून ठेवावा. जोडलेली राहिल्यास ती रात्रभर थेंबाथेंबाने गळत राहते.

चार्जरची चूक ह्याहूनही महागात पडते. निकेलची बॅटरी पूर्ण भारित झाली की तिचा दाब किंचित उतरतो, आणि तिचा चार्जर ह्या उताराची वाट पाहून थांबतो. लिथियमच्या घटात असा उतार येत नाही. निकेलच्या चार्जरला लिथियमची बॅटरी जोडली तर तो वाट पाहत प्रवाह सोडीतच राहतो. दाब ४.२ च्या वर जातो, लिथियम धातुरूपाने ऋणाग्रावर साचू लागते, आतील द्रव विघटित होऊन वायू बनतो, बॅटरी फुगते आणि पेटते. सोनी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली, आणि त्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो ह्यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या थोर शोधाची ही दुसरी बाजू होय. तेव्हा प्रत्येक घट वेगळा मोजणारा, लिथियमसाठीच बनविलेला समतोल चार्जर घ्यावा. गाडीच्या किमतीतून काही कापावे लागले तरी चालेल, चार्जरमधून कापू नये. २,२०० ची बॅटरी २.२ अँपिअरने भारित करावी. तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. ह्या वेळात कोणी तरी जवळ असावे. बॅटरी फरशीवर ठेवावी, गादीवर किंवा सतरंजीवर नव्हे, आणि शेजारी वाळूची बादली असावी. ती धुमसू लागलीच तर दूर व्हावे. धूर विषारी असतो.

लिथियमची बॅटरी भारित करण्यास शून्य ते ४५ अंश सेल्सिअस एवढीच तापमानाची कक्षा मानलेली आहे. ही अट परदेशी माहितीपत्रकांत कोपऱ्यात छापलेली असते. नागपूर किंवा अकोला येथे मे महिन्यात सावलीतील पाराच ४५ च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत त्याहून कितीतरी वर. अशा दिवशी बॅटरी मोटारीत ठेवून जेवायला जाऊ नये, आणि ती भारित करावयाची तर पहाटे करावी. नुकत्याच खेळून आलेल्या कोमट बॅटरीलाही आधी निवू द्यावे. आठवड्याहून अधिक काळ ठेवावयाची झाल्यास प्रत्येक घट ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. चांगल्या चार्जरवर ह्यासाठी वेगळी योजना असते. विमानाने जाताना सुटी बॅटरी हातातील सामानातच न्यावी लागते, टोके झाकून. मर्यादा शंभर वॅट-तासांची आहे, तेव्हा आपल्या १६ वॅट-तासांची अडचण नाही.

फुगलेली बॅटरी टोचून वायू काढण्याचा उद्योग कोणी करू नये. ती पुन्हा वापरण्याजोगी होत नाही. मोटारीचा लहान दिवा जोडून, उघड्यावर, तिच्यातील उरलेला भार संपवावा आणि टोकांना चिकटपट्टी लावावी. भारतात २०२२ साली टाकाऊ बॅटऱ्यांविषयी नियम लागू झाले असून, त्या जमिनीत पुरणे किंवा जाळणे त्यांनी मना केले आहे. अशी बॅटरी घरच्या केराच्या टोपलीत न टाकता, विक्रेत्याकडे अथवा ई-कचरा संकलन केंद्राकडे सोपवावी.