दशा न सुटणारं कापड

आपल्या घरांत जुन्या टी-शर्टाचं प्राक्तन ठरलेलं असतं. आधी तो बाहेर घालायचा, मग घरात, मग झोपताना आणि शेवटी स्कूटर पुसायला. पण गणपती मंडळाचे, कंपनीच्या वर्धापनदिनाचे असे फुकटचे टी-शर्ट इतके साठतात की पुसायला तेवढ्या स्कूटरी नसतात. त्यांचं वेगळं काही करायचं तर एक धारदार कात्री पुरते. शिलाई मशीन लागत नाही, सुईदोराही बहुधा नाहीच.

हे जमतं ते कापडाच्या घडणीमुळे. धोतर, साडी, शर्टाचं पॉपलीन मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. कापलं की दशा सुटतात, म्हणून कड दुमडून शिवावी लागते. टी-शर्टाचं जर्सी कापड स्वेटरच्या जातीचं, टाक्यात टाका अडकवत गेलेलं. इंग्लंडात विल्यम लीने 1589 साली मोजे विणायचं यंत्र केलं, त्याच घराण्यातलं. तिरुपूरच्या कारखान्यांत गोल यंत्रांवर या कापडाच्या अखंड नळ्या निघतात. कापल्यावर याच्या दशा सुटत नाहीत, कड तेवढी वळते. शिंपी त्या वळणाला वैतागतो. आपल्याला मात्र ते फुकटचं हेमिंगच.

गळा मोठा करायचा तर रिबच्या बाहेरून कापावं, पण वाटतं त्याहून थोडं कमीच, कारण कड वळली की गळा आणखी उतरतो. 1983 च्या ‘फ्लॅशडान्स’मध्ये जेनिफर बील्सच्या स्वेटशर्टचा गळा खांद्यावरून उतरला आणि जगभरच्या मुलींनी कात्र्या काढल्या. बाही काढताना शिवण अंगाकडे राहू द्यावी, नाहीतर मुंढा लोंबतो.

खरी गंमत दोरीची. काखेखाली आडवं कापून तळाची दुमड काढली की नळी उरते. ती आडवी पसरून खालची कड वरच्या कडेच्या चार बोटं अलीकडे येईल अशी दुमडावी. मग दुमडीकडून बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापत जायचं, खालची कड पार करायची, पण वरची चार बोटं अखंड सोडायची. आता तो अखंड भाग उलगडून मनगटावर घ्यावा आणि एका बाजूच्या कापापासून समोरच्या बाजूच्या पुढच्या कापापर्यंत तिरकी कात्री चालवावी. पहिला काप मात्र थेट कडेबाहेर काढायचा. इथे घाई केली तर दोरीऐवजी सुट्या रिंगा हाती येतात. सगळं जमलं की एकच लांबलचक पट्टी निघते. ती ताणली की आपोआप गोल वळते. छापील चित्राचा भाग वळत नाही, आणि बाजूला शिवण असलेल्या टी-शर्टात जागोजागी गाठीसारखे उंचवटे येतात, म्हणून बिनशिवणीचा साधा टी-शर्ट उत्तम.

गोधडीत हे कापड रुसतं, धावदोऱ्याखाली ताणतं आणि गोळा होतं. जाड सुईच्या क्रोशाने त्याचं पायपुसणं मात्र छान होतं, कुंडीचं शिंकंही. फक्त ओल्या मातीच्या वजनाने दोरी खाली येते, तेव्हा शिंकं सुरुवातीला वीतभर वरच टांगावं.