बेडूकमाशाची शेपटी आणि आजीची हिरडी

पहिला दमदार पाऊस झाला की टेंभुर्णीच्या आसपासच्या डबक्यांत काळे बेडूकमासे वळवळू लागतात. काही आठवड्यांत त्यांना पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही. अंगातल्या अंगात विरघळते, शरीर स्वतःच ती पचवून टाकतं. पण शेपटीला ताठ धरणारं कोलॅजन तर भलतं चिवट. ते विरघळवतं कोण? १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी बेडूकमाशाच्या शेपटीचे तुकडे कोलॅजनच्या थरावर ठेवले, आणि तुकड्यांभोवतीचा थर विरत गेला. कोलॅजन कापणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हाती लागलं होतं.

त्याच घराण्यातलं एक विकर आपल्या तोंडात असतं.

आमच्या शेजारची आजी सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावते. दात एकेक करून हलले, पडले. दुखले फारसे नाहीत. "वय झालं की पडायचेच," असं ती म्हणते, आणि गावात कुणालाही ते पटतं. पण दात वयाने पडत नाहीत, त्यांची बाज सैल होते. हो, बाजच म्हणायची. दात जबड्यात खुंटीसारखा ठोकलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची फट असते आणि तिच्यात कोलॅजनचे असंख्य धागे ताणलेले असतात. त्या सुंभावर दात तोललेला असतो, म्हणून तर ज्वारीची कडक भाकरी चावताना तो किंचित दबतो आणि परत जागेवर येतो. हा धागा कसा वळलेला असतो, ते मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली उलगडायला घेतलं: तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले, थेट आपल्या दोरासारखे.

आता हिरडीच्या कडेला किटण साचतं, त्यात जंतू वस्ती करतात. त्यांना हाकलायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्यांच्याजवळ कात्री असते, एमएमपी-८ नावाचं विकर. ते तीन पदरी धागा ठरलेल्या एकाच जागी कापतं, एक तुकडा पाऊण आणि एक पाव. मग पीळ सुटतो आणि बाकीचं काम इतर विकरं उरकतात. जंतू कायम ठाण मांडून बसले, तर ही कात्रीही थांबत नाही. रानडुकरं हुसकायला रात्रभर शेतात पळावं आणि सकाळी पाहावं, तर अर्धं पीक आपल्याच पायाखाली गेलेलं! पायोरियातली, म्हणजे हिरड्यांच्या या दुखण्यातली, बरीचशी नासधूस अशी घरच्यांनीच केलेली असते.

आणि हे सगळं गुपचूप. हिरडीतून रक्त येणं ही खरी तर धोक्याची घंटा, पण मिश्रीतल्या तंबाखूमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घंटा वाजतच नाही. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात असं आजीला वाटतं, त्यामागे हीच फसगत असावी.

मात्र हिरडी आणि दात यांच्यातल्या खाचेतून एक पातळ द्रव सतत पाझरत असतो आणि लाळेत मिसळतो. त्याच्याबरोबर कात्रीही वाहून येते. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात टिमो सोर्सा यांनी कित्येक वर्षं याच एमएमपी-८ चा पाठपुरावा केला, आणि त्यातून प्रेग्नन्सी किटसारखी पट्टी तयार झाली. अर्धा मिनिट पाणी तोंडात खुळखुळवायचं, ते भांड्यात घ्यायचं, काही थेंब पट्टीवर. पाचेक मिनिटांत एक रेघ किंवा दोन. दुसरी रेघ उमटायची मर्यादा आहे मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम. म्हणजे किती? उन्हाळ्यात जालन्याच्या रस्त्यांवर पळणारा दहा हजार लिटरचा टँकर घ्या आणि त्यात ०.२ ग्रॅम मीठ टाका, बोटांच्या टोकांत मावेल इतकंच. एवढं पातळ असूनही पट्टीला ते कळतं. शिवाय म्यानातली, म्हणजे अजून निष्क्रिय असलेली कात्री आणि उघडलेली, कापू लागलेली कात्री यांतला फरकही तिला कळतो. रेघ उमटते ती उघडलेलीची.

कात्री धरून ठेवायचं औषधही आहे, आणि तेही योगायोगाने सापडलेलं. टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविकं हे विकर अडवतात, असं लॉर्न गोलब यांना मधुमेही उंदरांवर काम करताना १९८३च्या सुमारास दिसलं. पुढे डॉक्सिसायक्लिनची अवघी २० मिलिग्रॅमची गोळी आली. एवढ्याशा मात्रेने जंतू मरत नाहीत, फक्त कात्री बोथट होते. किटण मात्र खरवडून काढावंच लागतं.

पट्टीलाही मर्यादा आहेच. आत कापाकापी चालू आहे इतकंच ती सांगते; कुठल्या दाताशी, ते नाही. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी जाऊन खुर्चीत बसावं लागतं. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाचेची खोली मोजतात. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे काळजी. बत्तीस दात म्हणजे एकशे ब्याण्णव वेळा.

आजीला हे सांगितलं तर तिने जीभ फिरवून दात मोजले. अकरा. "म्हंजे मला सहासष्टच," ती म्हणाली, आणि मिश्रीची डबी पदराखाली सरकवली.