अंधारात धावणारी मुले

हिवाळ्यात पहाटे पाचच्या सुमारास शेवगावहून पाथर्डीच्या, नेवाशाच्या किंवा गेवराईच्या रस्त्याने जो जाईल, त्याला वाहनाच्या उजेडात अकस्मात धावती पावले दिसतील. ही मुले हौसेने धावत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. २०२४ साली राज्यातील १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे शंभरांत एकाची निवड. कोरडवाहू जमिनीचा तुकडा आणि पदवीचा कागद यांवर भिस्त ठेवता येईनाशी झाली, की तरुणाजवळ भांडवल उरते ते केवळ पायांतील बळाचे. दिवस कॉलेजात, शेतात वा दुकानात जातो. सरावासाठी उरतो तो काळोख.

या काळोखाची किंमत जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मोजावी लागली. घोडका राजुरीजवळ भरतीचा सराव करणाऱ्या तीन तरुणांना पहाटे एस.टी. बसने चिरडले. अशा वेळी दोष चालकाचा की धावणाऱ्याचा, हा वाद रंगतो. परंतु वादापूर्वी थोडे गणित पाहणे बरे. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. चालकाने पाहून ब्रेक दाबेपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. पुढे कोरड्या डांबरावरही वाहन थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. एकूण अंतर झाले ४० ते ४५ मीटर. डिपर लावलेल्या दिव्याचा उपयुक्त उजेड साधारण एवढ्याच अंतरापर्यंत पोहोचतो आणि गडद कपड्यांतील माणूस त्याहूनही पुष्कळ जवळ आल्यावर दिसतो. ‘मला गाडी दिसते, तेव्हा गाडीवाल्याला मीही दिसत असेन,’ हा धावणाऱ्याचा समज येथेच घातक ठरतो.

उपाय मात्र महागडे नाहीत. रिफ्लेक्टरच्या पट्टीतील काचेचे बारीक मणी दिव्याचा प्रकाश आल्या दिशेनेच परत पाठवतात. अशी पट्टी छातीवर असावीच, परंतु घोट्यांवर आणि मनगटांवर ती अधिक उपयोगी पडते. कारण हातापायांची लय पाहताच समोर खांब नसून माणूस आहे, हे चालकाला तत्काळ उमगते. पदपथ नसेल तर उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून, एकामागे एक धावावे. कानांत गाणी घालू नयेत. हा सारा खर्च एका वेळच्या चहा-नाश्त्याएवढा आहे.

फिनलंडमध्ये अंधारात पायी चालणाऱ्याने रिफ्लेक्टर वापरावा, असे कायदाच सांगतो. गंमत अशी, की तेथील आर्वी लेहती यांनी तो मुळात घोडागाड्यांच्या रक्षणासाठी तयार केला होता. माणसाच्या अंगावर तो मागाहून आला. आपल्याकडेही गळीत हंगामाच्या आरंभी उसाच्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा निघतात, आणि ते योग्यच आहे. मग त्याच रस्त्यावरून धावणाऱ्या मुलाला कोणी का आठवू नये?

तथापि पट्टी वाटून समाजाची जबाबदारी संपत नाही. खाजगी सावधगिरीने सार्वजनिक उणीव भरून निघत नाही, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र आहे. १,६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या धावपट्टीच्या चार फेऱ्या. जे शासन ही कसोटी लावते, त्याने तालुक्याच्या ठिकाणी तेवढी सपाट जमीन आणि चार दिवे उपलब्ध करून देणे ही काही कृपा नव्हे. तोवर शाळा-कॉलेजांनी आपल्या मैदानांची फाटके पहाटे पाचला उघडावीत. आम्हां शिक्षकांना हे अशक्य नाही. पाळीपाळीने एकाने तासभर लवकर उठले की झाले.

जानेवारीत शेवगावात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. तोपर्यंत आपल्यापैकी बहुतेक जण पांघरुणात असतात आणि मुलांचा सराव आटोपलेला असतो. उद्या जे आपल्या रक्षणासाठी उभे राहणार आहेत, त्यांना आज वाहनांच्या उजेडात जीव मुठीत धरून धावायला लावणे आपल्याला शोभत नाही.