धरणात उणे पाणी कसं असतं?

दहावीच्या बीजगणितातला पहिला धडा आठवतोय? दोन चलांतील रेषीय समीकरणे. आलेखकागद, टोकदार पेन्सिल, तीन बिंदू, पट्टीनं रेघ, मार्क खिशात! ती रेघ नेमकी कशाची, हे निदान मी तरी कधी विचारलं नाही.

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात धरणसाठ्याची रोजची चौकट माझ्याकडे आली. उजनीसमोर उणे टक्के. मला वाटलं टायपिंगची चूक, म्हणून ते चिन्ह काढूनच टाकलं. छापायच्या आधी पकडलं गेलं, म्हणून वाचले. मी बारामतीची, मामाचा ऊस इंदापूर तालुक्यात उजनीच्याच पाण्यावर, आणि माझं हे ज्ञान!

रात्री वही काढली. उजनी पूर्ण भरलं की 117.23 टीएमसी पाणी असतं. त्यातलं तळाचं 63.66 टीएमसी म्हणजे मृत साठा. टक्के मोजतात ते फक्त वरच्या 53.57 टीएमसीचे. म्हणजे पेपरात ‘शून्य टक्के’ छापून येतं, तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी धरणातच असतं.

आता आडव्या अक्षावर एकूण पाणी घ्या, उभ्यावर टक्के. दोन बिंदू आयते मिळतात: (63.66, 0) आणि (117.23, 100). जोडा, झाली रेघ. कुठंही मोजा, एक टीएमसी वाढलं की साधारण 1.87 टक्के वाढतात. हा रेघेचा चढ. तो बदलत नाही, म्हणून रेघ सरळ.

तीच रेघ शून्याच्या खाली वाढवा. 2024 च्या जूनमध्ये उजनी जवळपास उणे 60 टक्क्यांवर गेलं होतं. रेघेवर बघितलं तर तेव्हाही साडेएकतीस टीएमसीच्या आसपास पाणी दिसतं. आणि धरण अगदी कोरडं पडलं तर? मी पटकन उणे 100 म्हणाले. उत्तर येतं उणे 119.

मोठ्या ऐटीत मामाला फोन केला. तो म्हणाला, “अगं, टक्के राहू दे. मोटारीला पाणी कधीपर्यंत पुरंल, ते सांग.”

मग दुसरा आलेख. आडवे दिवस, उभे टक्के. समजा, आज 20 टक्के आहेत आणि रोज अर्धा टक्का घटतोय. समीकरण: वाय = 20 − 0.5 एक्स. रेघ 20 पासून उतरत चाळिसाव्या दिवशी आडव्या अक्षाला छेदते. तिथून पुढं उणे. घट रोज एक टक्का झाली, तर रेघ निघते त्याच बिंदूतून, पण विसाव्या दिवशीच शून्यावर येते. उभ्या उसासाठी हे वीस दिवस फार मोठे असतात.

तरी मामाचं समाधान नाही. त्याची मोटार टक्क्यांवर नाही, पाण्याच्या पातळीवर चालते. पळसदेवचं बुडालेलं मंदिर उघडं पडायला लागलं, की काठावरचे लोक काय ते समजतात. आणि पातळी व साठा यांचा आलेख सरळ येतच नाही. धरणाचं पात्र वर पसरट, खाली अरुंद. त्यामुळं तेवढंच पाणी कमी झालं, तरी खाली खाली पातळी जास्त झपाट्यानं उतरते. इथं पट्टी चालत नाही.

मामानं आलेख न काढताच पाइपाचे दोन जादा तुकडे आणून ठेवलेत.