हॉर्सटेल : चहाची कोणती, विषारी कोणती?

युरोपात ‘फील्ड हॉर्सटेल’ या वनस्पतीचा हर्बल चहा करतात. पण तिच्यासारखीच दिसणारी ‘मार्श हॉर्सटेल’ विषारी असते. तिच्यात पॅलस्ट्रिन हे अल्कलॉइड असतं. चाऱ्यात मिसळली गेली तर जनावरंही आजारी पडतात. मग दोघी ओळखायच्या कशा?

खोडाच्या मधल्या भागातल्या सांध्याभोवती दातेरी आवरण दिसतं. तिथून फुटलेल्या फांदीचं पहिलं पेर पाहा. ते आवरणापेक्षा लांब असेल तर फील्ड, आखूड असेल तर मार्श.

दुसरी खूण म्हणजे बीजाणूंचा शंकू. फील्डमध्ये तो वसंतात येणाऱ्या वेगळ्या, तपकिरी कोंबांवर असतो. मार्शमध्ये हिरव्या खोडाच्याच टोकाला.

ओलसर जागी दोन्ही शेजारी-शेजारी वाढू शकतात. त्यामुळे खात्री नसेल तर चहासाठी तोडूच नये.