दुर्मिळ गाडी : किती दुर्मिळ?



"अशी गाडी आपल्याकडे एकच आहे!" असं मुलं सहज बोलून जातात. तेव्हा त्यांना एवढंच विचारा, "कशावरून?" 'दुर्मिळ' म्हणायचं तर आधी मोजावं लागतं.

एक खरं उदाहरण घेऊ. 1988 मध्ये टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) टाटामोबाईल ही पिकअप आणली. ती बनायची आपल्या घाटापलीकडे, पुण्यात. 1990 च्या दशकात हीच गाडी ब्रिटनमध्ये 'लोडबीटा' नावाने विकली गेली. इकडे ती ओळखीची, तिकडे मात्र आता क्वचितच दिसते.

असं का होतं? मुळात गाड्या कमी विकल्या गेल्या, की सुटे भाग आणि ते बसवणारे मेकॅनिक मिळत नाहीत. त्यात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. गाड्या भंगारात जातात.

तिथलं सरकार मॉडेलप्रमाणे गाड्यांचे आकडे जाहीर करतं. गाडी रस्त्यावर आणायची नसेल तर मालकाला तसं कळवावं लागतं. त्यामुळे चालू किती आणि नुसत्या उभ्या किती, हे वेगवेगळं कळतं.

आता हे वर्गात कसं घ्याल? शाळेच्या व्हरांड्यातून किंवा घराच्या ओट्यावरून (रस्त्यावर उभं राहून नाही!) अर्धा तास मुलांना पिकअप मोजू द्या. बोलेरो, छोटा हत्ती, इतर, अशा ताळ्याच्या खुणा करायच्या. मग चित्रालेख काढायचा.

नंतर तीन प्रश्न विचारा:
1. कुठे मोजलं?
2. किती वेळ मोजलं?
3. एकूण कितीपैकी?

पहिला प्रश्न फार महत्त्वाचा. खालापूर टोलनाक्यावर एक्सप्रेस वेच्या गाड्या मोजल्या तर रिक्षा शून्य येतील, कारण तिथे रिक्षांना बंदी आहे. म्हणून काय खालापूर तालुक्यात रिक्षाच नाहीत? कर्जत चारफाट्यावर मोजलं तर उत्तर लगेच बदलेल. मुलं इथे हमखास हसतात, आणि मुद्दा डोक्यात बसतो : मला दिसलं नाही, म्हणजे नाहीच, असं नसतं.

ही सवय गाड्यांपुरती राहत नाही. "सगळ्यांकडे मोबाईल आहे, मलाच नाही" असं घरी ऐकू आलं, की पालकांनी शांतपणे विचारावं, "सगळ्यांकडे म्हणजे कितीपैकी किती?"

करून पाहा आणि मुलांची उत्तरं जरूर कळवा.